एनसी, एफआयआर की खाजगी फिर्याद? बांधावरच्या मारामारीनंतर काय निवडाल

उसाच्या बांधावरून हाणामारी झाली, माणूस तक्रार द्यायला ठाण्यात गेला, की ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न असतो: "मोडलंय काय? हत्यार होतं काय?" ऐकायला उर्मट वाटतो, पण प्रश्न कायद्याला धरून आहे. खटला कोण चालवणार, वकील कुणाच्या पैशाचा आणि हरलं तर अपील कुठं, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

थप्पड, ढकलाढकली, मुका मार असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 115(2) लागतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत पडते, खाली शेरा असतो की न्यायालयात दाद मागण्याची समज दिली. बहुतेकांची तक्रार त्या कागदावरच मरते.

हाड मोडलं, निखळलं किंवा दात पडला तर ती जबर दुखापत, कलम 117(2), सात वर्षांपर्यंत कैद. गुन्हा दखलपात्र, म्हणजे एफआयआर आणि तपास पोलिसांचा. मात्र तो जामीनपात्र आहे, तेव्हा समोरचा संध्याकाळी गावात दिसला तर "पोलीस मॅनेज झाले" म्हणून लगेच ओरडू नका. उलट कोयत्याने साधी जखम केली तरी कलम 118(1) लागतं. तिथं शिक्षा तीन वर्षांपर्यंतच, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. शिक्षा मोठी तिथं जामीन अवघड, हा सरळ हिशेब इथं चालत नाही.

म्हणून भांडणाच्या दिवशी वकिलाआधी डॉक्टर. ठाण्यातून मेडिकल यादी (तपासणीसाठी डॉक्टरला दिलेलं पोलिसांचं पत्र) घ्यायची, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात जायचं आणि दुखतंय तिथला एक्स-रे काढायला लावायचा. करंगळीचं हाड मोडलेलं त्या दिवशी कळलं नाही, तर एनसीच होते आणि मग कलम वाढवून घेण्यासाठी हेलपाटे. आणखी एक फरक ध्यानात ठेवा: पूर्वी 20 दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं काम बंद पडलं तर दुखापत जबर ठरायची, आता 15 दिवस पुरतात. तेव्हा उपचाराचे कागद फेकू नका.

आता एफआयआर आणि खाजगी फिर्याद, म्हणजे थेट मॅजिस्ट्रेटकडे केलेली तक्रार, शेजारी ठेवून बघू. एफआयआरमध्ये सरकारी वकील असतो, समन्स-वॉरंट पोलीस बजावतात, तुम्ही साक्षीपुरते. पण लगाम तुमच्या हातात नसतो. ठाण्यात नोंद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, तरीही नाही तर प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हाड मोडलं असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नये.

खाजगी फिर्यादीत सगळं तुमच्या अंगावर: वकील तुमचा, साक्षीदार तुम्ही आणायचे, शपथेवर जबाब द्यायचा. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे आणि तिच्यात कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी मिळते, म्हणजे सुरुवातच लांबते. साध्या दुखापतीचा खटला समन्स खटल्याच्या, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीच्या सोप्या, पद्धतीने चालतो. त्यात मुदत देऊनही फिर्यादी हजर राहिला नाही तर आरोपी निर्दोष सुटू शकतो. फिर्याद घटनेपासून एक वर्षात दाखल व्हायला हवी. एनसी नोंदवली म्हणून ही मुदत थांबत नाही.

मधली एक वाट लोक विसरतात. एनसीची प्रत जोडून, तपासाचा आदेश द्या, असा अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करता येतो. शेजारी साक्षीला तयार नसतील तर मी आधी हीच वाट धरेन, कारण जबाब मग पोलीस घेतात. पुन्हा भांडण होऊ नये एवढंच हवं असेल तर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घेणारी कारवाई, पुरते.

अपिलात फरक आणखी उघडा पडतो. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर आरोपीचं अपील 30 दिवसांत सत्र न्यायालयात, म्हणजे कोल्हापूर शहरातल्यांसाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातच. पोलीस केसमध्ये आरोपी सुटला तर पीडितालाही तिथंच थेट अपील आहे, परवानगी लागत नाही. शिक्षा कमी झाली म्हणून मात्र त्याला अपील नाही. भरपाई अपुरी म्हणून आहे. खाजगी फिर्यादीत आरोपी सुटला तर 60 दिवसांत हायकोर्टाची खास परवानगी मागायची, हा जुना रस्ता. 2025 मध्ये चेक न वटल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फिर्यादी हा पीडितही असू शकतो असं धरून त्याला पीडिताचं अपील खुलं केलं. मारहाणीच्या फिर्यादीतही वकिलाने हा मुद्दा तपासावा.

हायकोर्ट म्हटलं की पूर्वी मुंबईची रात्रीची गाडी आणि तिथला वकील हे आलंच. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआरसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत बसतं. त्यामुळे प्रवासाचा खर्च वाचला, पण खाजगी फिर्यादीचा वकील अजूनही तुमच्याच खिशातून. फी ठरवताना खालचं कोर्ट आणि अपील वेगवेगळं बोलून घ्या.