पहाटेचा फॅन शो की दुपारचा खेळ?

दारात हलगी, नायकाच्या एन्ट्रीला शिट्ट्या आणि ‘नाद खुळा!’ची आरोळी हवी असेल, तर कोल्हापुरात नव्या सिनेमाचा पहाटे सहाचा फॅन शोच गाठावा. ती धग दुपारी मिळत नाही. पण सुरुवातीचे संवाद गोंगाटात बुडतात. पुढचे लोक उभे राहतात, म्हणून मागून तिसरी-चौथी रांग घ्या, मधल्या खुर्च्या.

पहाटेची खरी जोखीम प्रोजेक्टरच्या खोलीत असते. सिनेमा आधीच आलेला असतो, पण कुलूपबंद. त्याची चावी म्हणजे केडीएम फाइल. ती सिनेमा चालवणाऱ्या त्या एका सर्व्हरपुरती (म्हणजे तिथल्या कॉम्प्युटरपुरती) आणि ठरलेल्या वेळेपुरतीच चालते. वेळ चुकीची पडली किंवा चावी दुसऱ्याच सर्व्हरची निघाली, की पडदा काळा. नवी येईपर्यंत बसून राहायचं. दुपारपर्यंत हे बहुधा निस्तरलेलं असतं.

कथा आणि पार्श्वसंगीत नीट ऐकायचं असेल, सोबत आजी-आजोबा किंवा लहान मुलं असतील, तर दुपारच बरी.

चाहत्यांच्या मंडळाकडून फॅन शोचं तिकीट घेताना सीट नंबर छापलाय का, ते आधी बघा. नुसता पास असेल तर जो आधी येईल तो बसेल. मग साडेपाचला दारात हजर हवं.