पीथमपूर, सांवेर रोड आणि नर्सिंग होम : लीन पद्धत कोणी, किती आणि कोठून स्वीकारावी

इंदूरमध्ये एकाच मराठी कुटुंबात थोरल्याचा जवळच्या पीथमपूर औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांचा कारखाना, धाकट्याचा शहरातल्या सांवेर रोडच्या औद्योगिक भागात नमकीनचा व्यवसाय आणि घरातल्या डॉक्टर सुनेचे नर्सिंग होम असणे, ही नवलाची गोष्ट नाही. लीन म्हणजे टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली, कामातला अपव्यय कमी करण्याची पद्धत. तिचा सल्लागार मात्र तिघांनाही बहुधा एकच संच देऊ करतो : फाइव्ह एस (कामाची जागा नीट लावून ठेवण्याची शिस्त), कानबान (माल मागवण्याची कार्डे), सात प्रकारचे अपव्यय (अतिउत्पादन, जादा साठा, प्रतीक्षा यांसारखे) आणि भिंतीवर लावायचे तक्ते. तिघांनी एकच निर्णय घ्यावा असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण या पद्धतीच्या रचनेतच आहे.

टोयोटाची उत्पादनपद्धती दोन खांबांवर उभी आहे. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग साकिची तोयोदा यांनी बनवला आणि 1924 च्या त्यांच्या स्वयंचलित मागात ती सोय होती. चूक होताच काम थांबवायचे, हा त्यातून आलेला पहिला खांब. दुसरा खांब म्हणजे पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्या टप्प्याने माल बनवायचा नाही. ‘जस्ट इन टाइम’ म्हणून ओळखली जाणारी ही कल्पना साकिचींचे पुत्र किइचिरो तोयोदा यांची. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिला कारखान्यात प्रत्यक्ष रूप दिले. पहिला खांब जवळजवळ प्रत्येक व्यवसायात उभा राहतो. दुसरा मात्र मागणी किती सपाट, म्हणजे रोज सारखी, आहे आणि पुरवठादार किती जवळ आहे, यावर अवलंबून असतो. तुलना करायची ती याच निकषावर.

पीथमपूरच्या कारखान्याला दोन्ही खांब सर्वांत सहज पेलतात. वाहन कंपनीचे शेड्यूल आधी हातात येते, तोच नग महिनोन्महिने जातो आणि अनेकांचा ग्राहक त्याच औद्योगिक पट्ट्यात असतो. दिवसाला 900 नग हवे असतील आणि दोन पाळ्यांत मिळून कामाचे 15 तास मिळत असतील, तर दर मिनिटाला एक नग बाहेर पडला पाहिजे. हा ठोका एकदा ठरला की कोणते यंत्र मागे पडते हे कोणालाही दिसते. इथे खरा लाभ साचा बदलण्याच्या वेळेत दडलेला असतो. टोयोटात 1969 साली एक हजार टनी प्रेसचा साचा बदलायला चार तास लागत. उत्पादन-सल्लागार शिगेओ शिंगो यांनी प्रेस चालू असताना करता येण्याजोगी तयारी वेगळी काढून तो वेळ आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणला. साचा बदलणे महाग असेल तोवर मालक मोठा लॉट काढणारच आणि गोदाम भरणारच. त्याला साठा कमी करा असे नुसते सांगून काही होत नाही.

तरीही पीथमपूरचे चित्र दिसते तितके निर्मळ नाही. पोलाद दुरून येते आणि गिरणीच्या किंवा व्यापाऱ्याच्या सोयीने येते, त्यामुळे मागणीनुसार ओढण्याची साखळी कच्च्या मालापाशी तुटते. शिवाय काही मोठे ग्राहक ‘जस्ट इन टाइम’ म्हणतात तेव्हा त्यांना आपला साठा वेंडरच्या खर्चाने वेंडरच्या शेडमध्ये ठेवायचा असतो. यातून साखळीतला साठा कमी होत नाही, केवळ त्याचा मालक बदलतो. असा ग्राहक असेल तर कानबानच्या कार्डांवर पैसे घालण्यापूर्वी त्याच्याशी सपाट शेड्यूलबद्दल बोलणे अधिक फायद्याचे ठरेल.

सांवेर रोडवर गणित उलटते. नमकीनची मागणी दिवाळीकडे झपाट्याने चढते आणि नंतर उतरते, म्हणून वर्षभर सारखे उत्पादन ठेवायचे तर माल साठवावा लागतो. आणि तळलेला माल फार काळ साठवला की खवट होतो. त्यामुळे इथे सर्वांत महाग अपव्यय अतिउत्पादनाचा आहे. मात्र सर्वच साठ्याला अपव्यय म्हणणे चूक ठरेल. माळव्यातला हरभरा रब्बीच्या काढणीनंतर बाजारात येतो. तेव्हा भाव पाहून केलेली खरेदी हा व्यापाराचा निर्णय असतो आणि लीनच्या तक्त्यात तो तोट्याच्या रकान्यात टाकू नये. पाकिटांच्या छापील फिल्मचे रोलही मुद्रक ठरावीक प्रमाणाखाली देत नाही, तेव्हा तो साठा कमी करायचा असेल तर आपल्या कारखान्यात फेरफार करून भागणार नाही. पाकिटांचे आकार आणि प्रकार कमी करावे लागतील.

नमकीनवाल्याने सुरुवात घाण्यांच्या क्रमापासून करावी. आधी फिकी शेव, मग लवंग शेव आणि अगदी शेवटी लसूण शेव, असा क्रम ठेवला की मधली धुलाई कमी होते; उलट क्रमात प्रत्येक वेळी सगळे घासावे लागते. इंदूरच्या बाजारात जैन ग्राहकांचे महत्त्व लक्षात घेता लसणाचा माल स्वतंत्र कढईत आणि स्वतंत्र पॅकिंग टेबलावर नेणे हेच शहाणपणाचे. ‘चूक होताच थांबा’ हा खांब इथे तेलाला लावता येतो. खाद्यतेलातील एकूण ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) 25 टक्क्यांहून अधिक झाली की ते तेल वापरायचे नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै 2018 पासून लागू आहे. मापकाने ही मर्यादा दाखवताच कढई बंद करण्याचा अधिकार तळणाऱ्या कारागिराला आहे की त्याला शेठजींच्या फोनची वाट पाहावी लागते, एवढ्यावरून त्या कारखान्यात लीन कितपत रुजेल हे कळते.

औषधनिर्मितीबद्दल थोडक्यात सांगता येईल. तिथे साफसफाईचा वेळ मनाने कमी करता येत नाही, कारण प्रमाणित केलेल्या पद्धतीत बदल करायचा तर त्याची रीतसर नोंद आणि पुन्हा पडताळणी लागते. शिवाय माल यंत्रावर थोडा वेळ आणि तपासणीच्या प्रतीक्षेत कितीतरी अधिक वेळ असतो; निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना 14 दिवस ठेवावाच लागतो. त्यामुळे पॅकिंगचा वेग वाढवण्यापूर्वी प्रयोगशाळेतील नमुन्यांची रांग आणि बॅचच्या कागदपत्रांतील चुका यांकडे पाहावे.

नर्सिंग होममध्ये सर्वाधिक सावधगिरी हवी, कारण लीनचा अर्थ ‘रिकामे कोणी बसू नये’ असा लावला तर इथे थेट अपाय होतो. रुग्ण येण्याच्या वेळा आणि तपासणीचा कालावधी दोन्ही अनियमित असतील, तर रांगेचे गणित असे सांगते की डॉक्टरांचा 80 टक्के वेळ भरलेला असताना रुग्णाला सरासरी एका तपासणीच्या चौपट वेळ थांबावे लागते, 90 टक्क्यांना नऊपट आणि 95 टक्क्यांना एकोणीसपट. तपासणी दहा मिनिटांची धरली तर हे 40, 90 आणि 190 मिनिटे होतात. कारखान्यात यंत्राचा मोकळा वेळ खटकतो, पण रुग्णालयात तोच थोडा मोकळेपणा रांग आवरतो. म्हणून माणसे कमी करण्याआधी भेटीच्या वेळा नीट वाटून द्याव्यात आणि तपासणीचे कागद, जुने अहवाल रुग्ण आत येण्यापूर्वी तयार ठेवावेत.

प्रेसच्या साच्याचे तत्त्व रुग्णालयालाही लागू पडते, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दाखवले आहे. डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेत एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर पुढच्या रुग्णाची तयारी पूर्ण होते आणि शल्यविशारद एकाकडून दुसऱ्याकडे वळतो. पण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया बऱ्याच अंशी सारख्या आणि आधी ठरवता येण्याजोग्या असतात. प्रसूतिगृहाने ही नक्कल करू नये. त्याने सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाकडे पाहावे. 2002 मध्ये टोयोटाची पद्धत स्वीकारणाऱ्या या रुग्णालयात रुग्णाला धोका दिसल्यास कोणत्याही कर्मचाऱ्याला काम थांबवण्याची मुभा दिली गेली. परिचारिका मोठ्या डॉक्टरांना थांबवू शकते, हे आपल्याकडे तक्ता लावण्याइतके सोपे नाही, पण खर्च शून्य आहे.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या सॉफ्टवेअर कार्यालयांना एवढेच सांगावे की एका वेळी हाती घेतलेल्या कामांवर मर्यादा घाला; बाकीचे त्यांच्या पद्धतींत बहुधा आधीच आलेले असते. बांधकामात आठवड्याचे नियोजन प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुकादमाशी बसून ठरवणे हा सर्वांत उपयोगी भाग आहे.

साठा किती कमी करावा, याबाबत टोयोटाचा स्वतःचा अनुभवही पाहावा. 1 फेब्रुवारी 1997 रोजी ब्रेकचा एक छोटा झडपवजा भाग पुरवणाऱ्या आइसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि काही दिवसांतच जपानमधील टोयोटाचे बहुतेक उत्पादन थांबले. 2011 च्या जपानमधील भूकंपानंतर तर टोयोटाने पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितले. एकाच पुरवठादाराकडून येणारा, बदली नसलेला भाग कोणता, हे शोधून तेवढ्याचा साठा जाणूनबुजून ठेवणे पद्धतीशी विसंगत नाही.

खर्चाच्या बाबतीत तिघांची स्थिती सारखी नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजना’ मार्च 2023 मध्ये सुरू झाली. तिचा प्राथमिक स्तर विनामूल्य आहे आणि पुढील दोन स्तरांसाठी सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्र सरकार उचलते. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लघुउद्योगांची नोंदणी) असलेला उत्पादक उद्योग ही तिची अट आहे, म्हणून पीथमपूर आणि सांवेर रोड यांना दार उघडे आहे, नर्सिंग होमला नाही. दोघा भावांनी प्राथमिक स्तर आधी पूर्ण करून पुढे जायचे की नाही हे त्यानंतर ठरवावे. तोवर सल्लागाराशी वर्षाचा करार करण्याची गरज नाही. नर्सिंग होमने तर सल्लागारच नेमू नये. एक आठवडा प्रत्येक रुग्णाची येण्याची, तपासणी सुरू होण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ स्वागतकक्षातल्या वहीत लिहून ठेवावी आणि ती वही घेऊन परिचारिकांसह बसावे.