हेडलाइटचं रिले किट, नऊ महिन्यांनंतर: उजेड वायरच खात होती

गाडी 1999 सालची, वडिलांच्या हातची. आंबा घाटात पावसाळी रात्री रस्ता दिसेनासा झाला तेव्हा आधी डोळ्यांवर खापर फोडलं. नंबर तपासून आलो, तोच निघाला. मग बल्ब बदलले, काचा घासून घेतल्या. फरक शून्य. दुकानदार म्हणाला, "साहेब, 100/90 टाका, लख्ख दिसेल." म्हणजे अप्परला (लांबचा झोत) 100 वॅट आणि डिप्परला (जवळचा झोत) 90 वॅटचे बल्ब. टाकले. आठवड्याभरात बॉनेटखालून जळका वास यायला लागला, बघतो तर उजवा होल्डर तपकिरी पडलेला. जिथे 60/55 चाच भार झेपत नव्हता, तिथे मी आणखी लादला होता.

दुखणं सापडलं ते मल्टिमीटरने. इंजिन चालू, डिप्पर लावलेला: बॅटरीवर 14.1 व्होल्ट, होल्डरच्या मागे 11.6. मोजताना बल्ब जोडलेला आणि पेटलेला हवा. बल्ब काढून मोजलंत तर कुजलेली वायरसुद्धा साळसूदपणे पूर्ण व्होल्टेज दाखवते, कारण करंटच वाहत नसतो. हॅलोजनचा हिशोब मोठा निर्दयी: व्होल्टेज 10 टक्के घटलं की उजेड जवळपास 30 टक्के जातो. माझं 18 टक्के गेलेलं, म्हणजे निम्मा उजेड वाटेतच संपत होता.

कुठे, तेही बघितलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बच्या प्लस पिनवर: 1.7. तसंच मायनसच्या बाजूने: 0.8. या गाडीत हेडलाइटला रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, मुळात नाहीच. 60/55 च्या दोन्ही डिप्परचा मिळून नऊएक अँपिअर करंट डॅशबोर्डमागून स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत येतो आणि तिथून परत पुढे जातो. पंचवीस वर्षांच्या बारीक वायरी आणि झिजलेले पॉइंट. दुसरं काय होणार!

किट साडेआठशेला मिळालं: दोन रिले, सिरॅमिक होल्डर, एक फ्यूज. रिलेच्या 30 नंबरच्या पिनला बॅटरी, 87 ला बल्ब. जुना होल्डर आता 85-86 वरची, रिले चालू करणारी कॉइल तेवढी चालवतो, त्याला पाव अँपिअरही लागत नाही. रविवारची दुपार गेली. एवढं करून बल्बवर आले 12.9. किटची अर्थिंगची वायर मी रंगावरच आवळली होती, हा माझाच वेंधळेपणा. पत्रा घासला, शिवाय एक जाड काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली: 13.6. त्या रात्री घरासमोरची गल्ली पहिल्यांदाच पांढरी दिसली.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी, दोन्ही दिव्यांना मिळून एकच फ्यूज, तोही बिनझाकणाच्या होल्डरमध्ये. जुलैत घाटात पाणी शिरलं, फ्यूजचे पाय हिरवे पडले आणि एका वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. पार्किंग लाइट आणि हॅझर्डवर गाडी कडेला घेतली, मोबाइलच्या उजेडात फ्यूज घासून बसवला. पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू. परत आल्यावर डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज दिले, झाकणाचे, आणि रिले तोंड खाली करून बसवले म्हणजे पाणी साचत नाही. किट बनवणाऱ्याला हे दहा-वीस रुपयांत जमलं असतं.

सहाव्या महिन्यात डावा बल्ब उडाला. पूर्ण व्होल्टेज मिळालं की बल्बचं आयुष्य घटतं, ते मान्य. एक सुटा बल्ब डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. होल्डर मात्र अजून नव्यासारखे आहेत, हात लावला तर वायर कोमटसुद्धा लागत नाही. पुन्हा घ्यावं लागलं तर हेच घेईन, फक्त फ्यूजचा भाग पहिल्याच दिवशी कापून टाकेन.

एक राहिलंच. उजेड वाढल्यापासून समोरून येणारे मला अप्पर मारायला लागले. आधी इतका अंधुक प्रकाश होता की दिवे वर बघताहेत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भिंतीसमोर गाडी लावून उजवा खाली घेतला. डाव्याचा स्क्रू गंजून बसलाय, दोन दिवस तेल सोडून ठेवलंय.