पैसे तुमचे, डोमेन दुसऱ्याच्या नावावर

वेबसाइट करून देणारा म्हणतो, "डोमेन, होस्टिंग, ईमेल, सगळं आम्हीच बघतो." तो डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, घेतो, पण स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर आणि ईमेलवर. दोन-तीन वर्षं काहीच कळत नाही. पुढे बिलावरून वाजलं की नूतनीकरणाला भलतेच पैसे मागतो, नाहीतर साइट उतरवतो. पावत्या तुमच्याकडे असतात, पण रजिस्ट्रार, म्हणजे डोमेनची नोंदणी करणारी कंपनी, पावत्या बघत नाही. नोंदीत ज्याचं नाव, तो धारक.

साइट बंद पडणं त्यातलं किरकोळ. डोमेनची साइट आणि मेल कुठे जावी हे सांगणाऱ्या नोंदी म्हणजे डीएनएस. तो ज्याच्या हातात, तो एमएक्स (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी) नोंद बदलून तुमच्या पत्त्यावर येणारी मेल स्वतःकडे वळवू शकतो. मग तुमच्या सोशल मीडिया खात्यांवर "पासवर्ड विसरलो" दाबलं की लिंक त्याच्याकडे. ग्राहकांना "आमचं बँक खातं बदललंय" अशी मेलही तुमच्याच डोमेनवरून जाते. मेल खरंच त्या डोमेनवरून आली का हे बघणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्ही तपासण्यांतून ती पार होते, कारण त्यांच्या नोंदीही डीएनएसमध्येच असतात. पत्ता अस्सल, मग ग्राहकाने संशय घ्यावा कशावरून?

डोमेन कोणाच्या नावावर आहे हे बाहेरून सहसा दिसत नाही. 2018 पासून धारकाचा तपशील बहुतेक ठिकाणी झाकलेला असतो; आरडीएपीवर (डोमेनची नोंद बघायची सार्वजनिक सेवा) शोधलं तरी रजिस्ट्रार, मुदतीची तारीख आणि नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी ठेवणारे सर्व्हर) असंच काही हाती लागतं. त्यापेक्षा स्वतःचा इनबॉक्स चाळा. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या धारकाला रजिस्ट्रारने वर्षातून एकदा "माहिती तपासा" अशी मेल पाठवावीच लागते, शिवाय मुदतीच्या साधारण महिनाभर आणि आठवडाभर आधी आठवण. यातली एकही तुम्हाला कधी आली नसेल, तर नोंदीत ईमेल बहुधा दुसऱ्याचा आहे.

संबंध गोड असतानाच डोमेन मागून घ्या. रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा. त्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेन गेलं की खात्याची चावीही गेली. डीएनएसच्या सगळ्या नोंदी लिहून ठेवा. डोमेन हलवू न देणारा ट्रान्सफर लॉक काढायला लावा, हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड घ्या. आधी ट्रान्सफर, मग धारक बदल. उलट केलंत तर ट्रान्सफरवर 60 दिवसांचा लॉक बसू शकतो. ऑथ कोड धारकाने मागितल्यापासून 5 दिवसांत मिळायला हवा, पण नोंदीत धारक तो वेबसाइटवालाच, ही मेख आहे.

भांडण झाल्यावर 1999 पासून चालत आलेली यूडीआरपी तक्रार (डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायची पद्धत) सुचते. तीत डोमेन वाईट हेतूने घेतलं आणि वापरलं, दोन्ही सिद्ध करावं लागतं. इथे तर तुम्हीच घ्यायला सांगितलेलं! असे दावे बरेचदा "हा कराराचा वाद" म्हणून फेटाळले जातात आणि कोर्टाची वाट उरते. काहीजण मुदत संपायची वाट बघतात. पण मुदतीनंतर नूतनीकरणाला 45 दिवसांपर्यंतची सवलत, मग जुन्या धारकाला डोमेन सोडवून घ्यायला 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ, मग नाव पुसलं जाण्याआधीचे 5 दिवस (पेंडिंग डिलीट), आणि ज्या क्षणी नाव सुटतं, त्या क्षणी डोमेन टिपणारे प्रोग्रॅम ते उचलतात.