15डब्ल्यू-40 की 5डब्ल्यू-40? माझ्यापुरता निकाल पहाटे लागला

मॅन्युअलमध्ये इंजिन ऑइलचे दोन्ही नंबर चालतात असं लिहिलेलं असलं की खरी पंचाईत होते. माझी गाडी जुनी टर्बो डिझेल, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेली. दोन वर्षं तिला 15डब्ल्यू-40 मिनरल घातलं, तिसऱ्या वर्षापासून 5डब्ल्यू-40 सिंथेटिक. डीपीएफवाल्यांनी यावरून काही ठरवू नये. त्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं.

मिनरलला नावं ठेवणं मला जड जातं. स्वस्त असल्यामुळे ते हात आखडता न घेता बदललं जातं, मी तर साडेसात हजार किलोमीटरनाच काढायचो. डिझेलचं ऑइल काळं पडतं ते काजळी पोटात घेतं म्हणून, तेव्हा लवकर बदललेलं कधी वाया गेलं असं वाटलं नाही. इंजिन तापल्यावर तर दोन्हींत मला तसूभर फरक कळला नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या ऑइलचा, नंतरचा तापलेल्या ऑइलचा. शंभर अंशांना दोन्ही 40च, कळणार कसा?

पण मला निघावं लागतं पहाटे साडेपाचला, तेही तळघरातल्या पार्किंगमधून. टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे व्हॉल्व्हची फट ऑइलच्या दाबाने भरून काढणारे. रात्रभर इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरलेलं ऑइल वर पोचेपर्यंत नुसती टकटकटकटक. मनात मोजले तर पाच-सहा आकडे, आणि बंद जागेत तो आवाज चौपट. थंडीत चावी फिरवण्याआधीच माझे खांदे आक्रसायचे. वरची एक खिडकी दोनदा उघडली, तेव्हा तर मान वर करायची सोय राहिली नाही. आधी ऑइल फिल्टर बदलून पाहिला, कारण ऑइल परत उतरू न देणारी त्यातली रबरी झडप गेली तरी असंच होतं. टकटक तशीच. मेकॅनिक म्हणाले, "एवढ्यानं काही होत नाही, साहेब." नसेलही होत. पण टर्बोचं बेअरिंगसुद्धा त्याच ऑइलची वाट बघत असतं, हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेना.

5डब्ल्यूवर तीच टकटक एक-दोन आकड्यांत संपते. 15डब्ल्यूची पंपाने खेचलं जाण्याची परीक्षा उणे 25 अंशांना होते, 5डब्ल्यूची उणे 35ला. एवढी थंडी माझ्या गाडीने कधी पाहिली नाही, तरी माझ्या कानांना फरक कळतो.

सिंथेटिकचे नखरेही आहेत. घातल्यावर टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून पाझर दिसू लागला. पॅकिंग जुनंच होतं म्हणा. शिवाय बदलण्याची मुदत लांबली की डिपस्टिक बघायचा आळस होतो. पातळी वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर ऑइलचा नंबर बाजूला ठेवून आधी इंजेक्टर तपासा.

महागड्या डिझेलने मला काही वेगळं जाणवलं नाही. त्यापेक्षा डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळेवर सोडलेलं बरं.

गाडी उशिरा निघत असेल, रोज लांब पळत असेल, तर मिनरलवरच राहिलात तरी मी हसणार नाही. माझा मिनरलचा उरलेला अर्धा डबा आता फाटकाच्या बिजागऱ्यांना लागतो.