कॅरावॅनचा छतावरचा एसी आणि देवास नाक्याचं वर्कशॉप

कॅरावॅनच्या छतावरचा एसी बिघडला की इंदूरमध्ये जायचं कुठे हे कोणी सांगत नाही. घरच्या एसीवाला म्हणतो ही गाडी आहे, गाडीच्या एसीवाला म्हणतो अहो हा तर घरच्यासारखा 230 व्होल्टवर चालतो आम्ही नाही करत, आणि तुम्ही मधल्यामध्ये. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, पुढे कोणाला उपयोग होईल.

आमची गाडी फोर्सच्या ट्रॅव्हलर व्हॅनवर बॉडी बांधून केलेली आहे. ट्रॅव्हलर इथेच पीथमपूरला बनते पण आतलं फिटिंग बाहेरगावचं. वर 13,500 बीटीयूचं (थंडाव्याचं माप) युनिट, म्हणजे सव्वा टनाला जरा कमी. दादा आणि मी ती फॅमिली ट्रिपसाठी भाड्याने देतो, महेश्वर, मांडू, ओंकारेश्वर वगैरे. तक्रार अशी की सुदामा नगरला घरी लावला की एसी मस्त चालायचा आणि बाहेर रिसॉर्टच्या किंवा ढाब्याच्या पॉइंटवर लावला की पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर मात्र घूं घूं करतो, टक् आवाज, बंद. मग तीन-चार मिनिटांनी परत तेच. मे महिन्यात आत बसलेल्या गिऱ्हाइकाला काय सांगणार.

आधी ज्या दुकानात नेली तिथे वर चढायच्या आधीच निदान तयार होतं, गॅस कमी आहे. मी विचारलं मोजलं का, तर म्हणे मॅडम आवाजावरून कळतं. आता या रूफटॉप युनिटमध्ये बहुतेक वेळा गॅस भरायचा व्हॉल्व्हच नसतो, फॅक्टरीतून सीलबंद येतं, गॅस भरायचा तर तांब्याच्या नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवावा लागतो आणि मग लीक व्हायला एक नवीन जागा तयार. दादाने तिथूनच गाडी वळवली, बरं केलं.

देवास नाक्याचं हे वर्कशॉप मुळात बसचे आणि थंड मालाच्या ट्रकचे एसी करतं. उस्तादांनी पहिला प्रश्न विचारला तो मला आवडला, "दीदी, घर पे चलता है और बाहर नी चलता, तो मशीन को काहे को दोष दे रे हो?" आणि वर न चढता खालूनच सुरुवात केली.

आधी 12 व्होल्ट बघितलं, कारण आमचा भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि एसीचं कंट्रोल कार्ड गाडीतल्या राहायच्या भागाच्या बॅटरीवर चालतं. 230 येत असेल तरी ही बॅटरी पडली की एसी मेल्यासारखा वाटतो. ती ठीक होती. मग गाडीच्या इनलेटवर (बाहेरची वीज आत येते तो सॉकेट) मीटर लावला, 224. कोणीही म्हणेल चांगलंय की. ते म्हणाले बिनलोडचा आकडा नका बघू, लोड टाकून बघू, आणि एसी चालू करून सुरू व्हायच्या क्षणाला परत मोजलं, तर एसीच्या टर्मिनलला आकडा 180 च्याही खाली आला. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर होताच लावलेला. हा एसी चालताना 7 अँपिअरच्या आसपास घेतो पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढतो, आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज बसलं तर कॉम्प्रेसर जागचा हलत नाही, तापतो, त्याचा ओव्हरलोड (तापला की वीज तोडणारा स्विच) उडतो, थंड झाला की परत जुळतो. म्हणजे तो टक् आवाज ओव्हरलोडचा होता.

मग ही वीज वाटेत कुठे मरते ते शोधणं. त्यांनी जॉइंटच्या दोन्ही बाजूंना प्रोब ठेवून मोजलं, इकडचा न्यूट्रल (परतीची वायर) ते तिकडचा न्यूट्रल. एसी चालू असताना तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. चेंजओव्हर स्विचच्या (जनरेटर की बाहेरची लाईट हे निवडायचा) न्यूट्रल स्क्रूवर आले 9 व्होल्ट. 7 अँपिअर गुणिले 9, साठच्या वर वॅट एका स्क्रूवर जळतायत! एमसीबी बंद करून झाकण काढलं तर वायरचं टोक काळं आणि प्लॅस्टिक वितळायला लागलेलं. फिटिंगवाल्याने मल्टिस्ट्रँड (बारीक तारांची) वायर टोकाला थिंबल म्हणजे धातूची टोपी न लावता तशीच कोंबली होती, गाडी हलून हलून सैल झाली. घराचं वायरिंग आणि चालत्या गाडीचं वायरिंग यात हा फरक आहे आणि तो आपल्याकडे कोणी मनावर घेत नाही. हा एसी सोडा, आग लागली असती.

दुसरा चोर निघाला गाडीबरोबर आलेला 30 मीटरचा एक्स्टेन्शन ड्रम, वायर 1 एमएमची (म्हणजे चौरस मिमी). जाऊन येऊन 60 मीटर तांबं झालं, एक ओहमच्या थोडं वर. चालताना 7-8 व्होल्ट खातो, ते ठीक, पण सुरू होताना 35 अँपिअर धरले तर 40 व्होल्टच्या आसपास गायब. ढाब्यावर आधीच 200 मिळतायत, त्यातून हे गेले की राहिलं काय. अडीच एमएमची घेतली तर तेच नुकसान 15 च्या जवळ येतं. आणि ड्रमवर गुंडाळलेली ठेवून एसी चालवायचा नाही, पूर्ण उलगडायची, नाहीतर आतल्या आत तापते. नवीन वायर आम्ही महाराणी रोडवरून आणली, चार एमएमची, जड आहे, उचलताना दादा शिव्या घालतो.

स्टॅबिलायझर लावू का विचारलं तर उस्ताद हसले. त्यांचं म्हणणं पटलं मला, स्टॅबिलायझर 180 चे 220 करणार म्हणजे मागून तेवढा जास्त करंट ओढणार, त्याच बारीक वायरीतून, म्हणजे ती अजून बसणार. आधी वायर, मग बाकीचं. सॉफ्ट स्टार्टर (सुरू होतानाचा करंटचा झटका कमी करणारा) लहान जनरेटरवर चालवायचं असेल तर कामाचा, पण आत्ता पैसे घालू नका म्हणाले. विकायची संधी होती, विकलं नाही.

सगळ्यात शेवटी वर चढले, छताला फायबरचा पत्रा म्हणून खाली फळी टाकून. रन कपॅसिटर (कॉम्प्रेसरच्या मोटरला जोर देणारा) हात लावायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून डिस्चार्ज केला, स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे पुष्कळ बघितलेत. त्यावर लिहिलेलं 40 मायक्रोफॅरड, प्लस-मायनस 5 टक्के, मीटरवर 29. बदलला. कमी व्होल्टेजवर रोज झगडून हा उतरला असेल किंवा उन्हाने, ते सांगता येत नाही असं ते स्वतःच म्हणाले. कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावून बघितलं, बॉडीला कुठे गळती नाही. मग एसी तासभर चालू ठेवून तोच न्यूट्रल परत मोजून दाखवला, अर्ध्या व्होल्टच्याही आत.

लेबर 1500, कपॅसिटर, नवीन चेंजओव्हर आणि थिंबल वेगळे. महाग अजिबात नाही वाटलं, आधीच्या दुकानवाल्याचा गॅसचा आकडा यापेक्षा मोठा होता.

आता कुरकुर. फोन उचलत नाहीत. दुधाचा नाहीतर आइस्क्रीमचा ट्रक आला की तुमची गाडी बाजूला, त्यात त्यांचंही चूक नाही, माल खराब होतो, पण आम्ही दुपारभर बसलो. बसायला खुर्ची नाही, आई बरोबर होती ती बंद एसीच्या गाडीत वारा घेत बसली, शेवटी पोऱ्याने टेबलफॅन आणून दिला. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून, पक्कं बिल मुलगा आल्यावर व्हॉट्सॲपवर आलं. वॉरंटी तोंडी. आणि एसीखालच्या 14 इंची भोकाचं गॅस्केट, पावसात पाणी गळण्याचं काम ते करत नाहीत, त्याला बॉडीवाल्याकडेच जावं लागेल.

पाचपैकी चार. शक्यतो दुपारी जा, उन्हात कॉम्प्रेसर जास्त करंट घेतो त्यामुळे खोट तेव्हाच पकडता येते, सकाळच्या गारव्यात सगळं ओके दिसतं. जाताना तुमचीच एक्स्टेन्शन वायर घेऊन जा, ती घरी राहिली तर अर्धं निदान घरीच राहील. आणि गाडी उंच असेल तर गेटच्या बाहेर थांबून हाक मारा, वर वायरी लोंबतायत, पोऱ्या बांबूने उचलून धरतो मग आत घ्या.