दशांश काढावा की आधी कर्ज फेडावं? भाच्याच्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर

मागच्या महिन्यात भाच्याने विचारलं, "मावशी, दशांश दिला की पैसा वाढतो म्हणतात. खरंय का?"

तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे, हातात महिना ३०,००० येतात. त्याच्यासोबतचा शरणपूर रोडचा मित्र दर महिन्याला पगाराचा दहावा भाग चर्चमध्ये देतो, आणि त्याचं बरं चाललंय. इकडे माझ्या बहिणीच्या मनात आहे की त्र्यंबकला एकदा विधी करून घेतला म्हणजे घरातली ओढाताण थांबेल. भाच्याला दोन्हीतलं एक निवडायचं होतं. त्यात त्याच्या डोक्यावर एका ओळखीच्याकडून दरमहा शेकडा तीन व्याजाने घेतलेले एक लाख आहेत. ते त्याने सगळ्यात शेवटी, चहा संपताना सांगितलं.

मी नाशिकरोडला एका पतसंस्थेत २६ वर्षं कर्जखातं सांभाळलं. कोणाच्या घरी पैसा टिकतो आणि कोणाच्या घरून पाण्यासारखा वाहून जातो, ते टेबलापलीकडून पाहत आले. दिल्यामुळे पैसा आपोआप वाढला, असं एकही खातं मला सांगता येणार नाही. पण माणूस कशातून देतो आणि कशासाठी देतो, याचा घरच्या पैशावर परिणाम होतो. तो भलाही असतो आणि वाईटही.

दहावा, विसावा, चाळिसावा

ठरवून वाटा काढायची रीत एकाच धर्मात नाही, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की पुष्कळ कळतं.

ख्रिस्ती दशांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. "दिलं की मिळतं" याला आधार म्हणून बायबलच्या जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकातला तिसरा अध्याय, दहावं वचन सांगितलं जातं: दशांश कोठारात आणा, मग मी आकाशाची कवाडं उघडतो की नाही ते पाहा. पण ते बोलणं मंदिराच्या कोठारात धान्य आणणाऱ्या अख्ख्या समाजाशी आहे, एकेकाच्या पगाराशी नाही. पुढे नव्या करारात संत पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो तेव्हा आकडा घालतच नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भीड पडली म्हणून देऊ नये, एवढंच म्हणतो.

शिखांचा दसवंदही दहावा भाग. मनमाडच्या गुप्तसर साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवला असाल तर तो पैसा कुठे जातो ते तुम्ही ताटात पाहिलेलं आहे. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा भाग द्यायला सांगितलं.

मुसलमानांच्या जकातीची (धर्माने ठरवलेल्या दानाची) बांधणी मला सगळ्यात विचारपूर्वक केलेली वाटते. ती मिळकतीवर नसून शिलकीवर आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी एवढ्या मोलाची शिल्लक चांद्र वर्षभर हातात राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के. देणं असेल तर ते आधी वजा धरतात. म्हणजे ज्याच्याकडे काही उरलंच नाही त्याच्याकडे मागणीही नाही, उलट तो घेणाऱ्यांत मोडतो. शेतमालाचा हिशोब वेगळा: पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, आणि पाणी काढून, खर्च करून भिजवलेल्या पिकाचा विसावा. द्राक्षबाग सांभाळणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. विहीर, मोटार, ठिबक आणि छाटणीपासूनची मजुरी जो भरतो, त्याच्याकडून निम्मंच घ्यायचं हे कोणीतरी शेकडो वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय.

आपल्याकडे भागवताच्या आठव्या स्कंधात शुक्राचार्य बळीराजाला सांगतात की धनाचे पाच वाटे करावेत: धर्मासाठी, नावासाठी, पुन्हा धन मिळवण्यासाठी, स्वतःच्या सुखासाठी आणि आपल्या माणसांसाठी. वाटे सारखेच हवेत असं तिथे म्हटलेलं नाही. पण धर्माचा वाटा पाचातला एक आहे, आणि भांडवलाचा वाटा त्याच्या पंगतीला बसलेला आहे.

आता भाच्याचा पगार या मापांत घालून बघू. दशांश काढला तर महिना ३,०००, विसावा काढला तर १,५००. जकातीच्या नियमाने पाहिलं तर शिल्लक नाही आणि वर देणं, म्हणजे शून्य. एकच मुलगा, एकच पगार आणि तीन उत्तरं. माझा कल तिसऱ्याकडे आहे. आधी देणं वजा करायचं ही अट मला फार माणुसकीची वाटते.

वाटा आणि नवस

ठरलेला वाटा एकीकडे, आणि काहीतरी पदरात पडावं म्हणून केलेला मोठा खर्च दुसरीकडे. भाच्याच्या घरातला खरा पेच हाच होता.

वाटा काढणाऱ्याला आधी मिळकत किती ते मोजावं लागतं. माझे वडील निफाड तालुक्यातले कांदेवाले. लासलगावला माल विकून आले की पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, देवापुढे ठेवायचे, आणि उधारी चुकती झाली की उरलेल्यातून शेकडा पाच रुपये धर्मादा म्हणून डब्यात टाकायचे. त्या डब्यामुळे आमच्या घरात दर पट्टीचा हिशोब लिहिला जायचा. औषधवाल्याचे किती, गाडीभाडं किती, हमाली-तोलाई किती. गावात बाकी कोणी इतकं लिहीत नव्हतं. वडिलांचं बरं झालं असेल तर ते त्या वहीमुळे, असं मी कर्जखात्यावर बसल्यावर मला कळलं. शरणपूर रोडच्या त्या मुलाचंही तेच असावं. पगार झाल्या दिवशी जो ३,००० बाजूला काढतो, त्याला उरलेल्या २७,००० चा विचार करावाच लागतो. शिवाय दर रविवारी भेटणारी माणसं आहेत. कोणी आजारी पडलं तर डबा येतो, नोकरी गेली तर चार ठिकाणी शब्द टाकला जातो. हा आधार पैशातच मोजावा इतका खरा आहे.

विधी किंवा नवसाचा खर्च याच्या उलट चालतो. तो एकदम येतो, बहुतेकदा अडचणीतच येतो, आणि आकडा आपण ठरवत नाही. दक्षिणा, साहित्य, राहणं, जाणं-येणं, सोबतच्या नातेवाइकांचं जेवण. पितरांसाठी, मनाच्या समाधानासाठी, हातातल्या पैशातून करायचा असेल तर जरूर करावा. आमच्या घरीही झालाय. पण कर्ज फिटावं म्हणून कर्ज काढून केलेला विधी मी पासबुकात कितीदा तरी पाहिलाय, आणि त्या खात्यांवरचा पुढचा शेरा "थकीत" असायचा. ऋण काढून सण करू नये ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर फळावर डोळा ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटलंय, सात्त्विक नाही. पैसे वाढावेत म्हणून देणारा आपल्याच शास्त्राच्या मापाने एक पायरी खाली उतरतो.

"मी दिलं आणि मला मिळालं"

हे सांगणारी माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांना मिळालेलं असतंच. पण ज्याने दिलं आणि तरी दुकान बंद करावं लागलं, तो माइकसमोर उभा राहून साक्ष देत नाही. तो गप्प घरी बसतो, आणि आपल्या कानावर एकच बाजू येत राहते.

डिसेंबर २०१९ मध्ये लासलगावला कांदा क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. दोन्ही वेळी ज्यांचा माल त्या दिवशी बाजारात होता त्यांचं नशीब ठरलं, आणि त्यात देणारेही होते, न देणारेही. दिंडोरीकडे गारपीट होते तेव्हा बांधाच्या दोन्ही बाजूंचे घड गळतात. हे मी श्रद्धेविरुद्ध म्हणत नाही. मी आजही सप्तशृंगीला जाते, पेटीत टाकते, आणि त्या पैशाची परतफेड मागत नाही.

भाच्याचा आकडा

शेकडा तीन म्हणजे एका लाखावर महिन्याला ३,००० नुसतं व्याज. वर्षाचे ३६,०००, आणि मुद्दल तसंच. त्याच्या दशांशाची रक्कम आणि हे व्याज नेमकं एकच आहे. म्हणून मी त्याला म्हटलं, "तू दर महिन्याला दशांश देतोच आहेस. फक्त देवाला नाही, सावकाराला."

कर्ज नसेल तर चित्र बदलतं. महिना ३,००० वर्षाला सात टक्क्यांनी २० वर्षं साठवले, तर भरणा ७ लाख २० हजार होतो आणि हातात सुमारे साडेपंधरा लाख येतात. दशांश देणारा तेवढे सोडतो, हे त्याला आधी माहीत असावं. माहीत असूनही द्यावंसं वाटलं तर ते देणं मला खरं वाटतं, आणि अशा माणसाला मी अडवणार नाही. फक्त त्या आधी चार-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. तो नसताना दिलं, तर पहिल्या दवाखान्याच्या बिलाला पुन्हा शेकडा तीनच्याच दारात उभं राहावं लागतं.

करसवलतीवर फार भिस्त ठेवू नये. देणगीवर आयकरात जी वजावट म्हणतात ती जुन्या करप्रणालीतच मिळते. संस्था त्यासाठी मान्यताप्राप्त हवी, आणि २,००० च्या वरची रोख देणगी धरली जात नाही. बऱ्याच ठिकाणी निम्मीच रक्कम वजा होते. १०,००० दिले आणि तुम्ही वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर कर साधारण १,०४० ने कमी होतो. बाकीचे ८,९६० तुमच्याच खिशातले. शेतीच्या उत्पन्नावर मुळात आयकर नाही, तेव्हा तिथे हा विषयच नाही.

लेण्यातला हिशोब

हे सगळं सांगून झाल्यावर एका रविवारी मी त्याला त्रिरश्मीच्या डोंगरावर, पांडवलेण्यात घेऊन गेले. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिली, पण संघाच्या हातात ठेवली नाहीत. गोवर्धनातल्या, म्हणजे आपल्या गंगापूर रस्त्यावरच्या गोवर्धनच्या, विणकरांच्या दोन श्रेणींकडे (कारागिरांच्या संघांकडे) गुंतवली. २,००० दरमहा शेकडा एकने, १,००० दरमहा शेकडा पाऊणने. मुद्दल कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २,००० चं वर्षाचं व्याज २४० होतं, आणि त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी (अंगावरच्या वस्त्रासाठी). भाच्याने मोबाइलवर भागाकार करून पाहिला. बरोबर आला.

तिथेच दुसऱ्या एका लेखात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातलं, विष्णुदत्ता नावाच्या बाईचं दान आहे. तिने कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले, आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी. दोघांच्याही दानात कारागिराला भांडवल मिळालं आणि भिक्षूला कापड किंवा औषध.

उतरताना भाचा बराच वेळ गप्प होता. पायथ्याशी आल्यावर म्हणाला, महिना ३०० रुपये देतो, बाकी सगळं त्या एका लाखाकडे. मी म्हटलं, आमच्या पतसंस्थेत सोनेतारण करून आधी ते शेकडा तीनचं मिटव, तिथला दर यापेक्षा पुष्कळ कमी पडेल. बहिणीच्या दोन बांगड्या आहेत. तिच्याशी विधीबद्दल आणि बांगड्यांबद्दल एकाच दिवशी बोलायचं ठरलंय, येत्या गुरुवारी.